वृत्त आणि अलंकार ओळखायला शिकताना: माझा अनुभव

कविता समोर आली की तिचं वृत्त कोणतं, हे मी लगेच विचारत नाही. आधी ठरवतो ते मोजायचं काय: अक्षरं, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) की मात्रा (उच्चाराला लागणारा वेळ). सुरुवातीचा बहुतेक गोंधळ छंद (अक्षरं मोजायची), अक्षरगणवृत्त (गण पाहायचे) आणि जाती (मात्रा मोजायच्या) यांच्या सरमिसळीतून होतो.

सुरुवात अभंगापासून केली, कारण तिथे लघु-गुरु (आखूड-लांब उच्चाराची अक्षरं) पाहावे लागत नाहीत. नुसती अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’: ६, ६, ६, ४, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. हा मोठा अभंग. ‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले’ हा आठ-आठ अक्षरांचा लहान. ज्ञानेश्वरीच्या ओवीत अक्षरसंख्येचं असं बंधन नाही. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा.

खरी मेहनत गणवृत्तांची. अ, इ, उ, ऋ हे स्वर लघु. दीर्घ स्वर, तसंच ए, ऐ, ओ, औ गुरु. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षरही गुरु. जोडाक्षराच्या मागचं अक्षर गुरु होतं, पण आघात आला तरच. ‘पुण्य केलं’ यातला ‘पु’ गुरु, ‘पुण्याला गेलो’ यातला लघु. म्हणून ओळ मोठ्याने म्हटल्याशिवाय मी खुणा करतच नाही.

मग तीन-तीन अक्षरांचे गट. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ असलं की गण आपोआप सुटतात: हव्या त्या अक्षरापासून सलग तीन घ्यायची. ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरु-गुरु, हा य गण. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ फोडा: मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. चारही वेळा य. १२ अक्षरं, भुजंगप्रयात. मनाचे श्लोक बहुतेकांना चालीसकट पाठ असतात, म्हणून पहिला सराव त्यांच्यावरच करावा असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर मोरोपंतांची केकावली. ‘सुसंगति सदा घडो सुजनवाक्य कानीं पडो’: ज, स, ज, स, य, आणि उरलेली दोन सुटी अक्षरं ल (लघु), ग (गुरु); १७ अक्षरं, पृथ्वी वृत्त. आठव्या अक्षरावर, ‘घडो’पाशी, यति, म्हणजे थांबा. इथे छपाई फसवते. १९६२ च्या लेखननियमांनी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले, आणि त्या सवयीने कुणी ‘सुसंगती’ छापलं की चौथं अक्षर गुरु होऊन स गणाचा र गण होतो. जुनी ओळ एकाच अक्षरावर अडली तर मी आधी दुसऱ्या आवृत्तीतला पाठ बघतो. चरणाच्या शेवटचं लघु अक्षर गरजेप्रमाणे गुरु धरतात, तेव्हा तिथे अडू नये.

गण जुळत नाहीत, पण ओळ ठेक्यात म्हणता येते, तेव्हा मात्रा मोजायच्या: लघूची एक, गुरूच्या दोन. दिंडी या जातीत प्रत्येक चरणाला १९, त्यात ९ आणि १० असे भाग. लघु-गुरूची जागा बदलली तरी बेरीज टिकते.

अर्थालंकारांसाठी मी एकच जोडी घेऊन बसलो: डोळे उपमेय (ज्याचं वर्णन करायचं ते), कमळ उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते). ‘डोळे कमळासारखे’ ही उपमा. ‘डोळे जणू कमळंच’ ही उत्प्रेक्षा. ‘नयनकमल उमललं’ हे रूपक. ‘हे डोळे नव्हेत, कमळं आहेत’ ही अपन्हुती. ‘कमळाहून देखणे डोळे’ हा व्यतिरेक. सामासिक शब्दात मात्र जपून: ‘नयनकमल’मध्ये डोळा हेच कमळ, तर ‘कमलनयन’ म्हणजे कमळासारखे डोळे असलेला, तिथे उपमाच. ‘सारखा’, ‘सम’, ‘जणू’ हे शब्द शोधून अलंकार ठरवण्यापेक्षा कवी उपमेय तसंच ठेवतो, मिसळतो की नाकारतो, हे पाहिलं की चूक क्वचितच होते.