म्पिंगोची मारिया आणि पांढरा काठ

दार-एस-सलाममध्ये मी पॅकिंगचं काम बघते, घर गुंडाळून परत निघालेल्यांचं सामान बांधणं, कागद करणं, बंदरावर पाठवणं. भांडी, गाद्या, पुस्तकं, त्यात विशेष काही नसतं, पण परवाचा दिवस अजून डोक्यातून जात नाहीये.

वसईचा एक मुलगा, काँट्रॅक्ट संपवून घरी चाललेला, आईसाठी मारियामातेची मूर्ती घेऊन आला. मकोंडे काम, दीड फूट उंच, सहा किलो. बाळ येशू मांडीवर नाही तर पाठीला कांग्यात, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या छापील सुती कापडात बांधलेला, इथल्या बायका बांधतात तसा, आणि मारियेच्या गालांवर जुन्या मकोंडे बायकांच्या असायच्या तशा रेषा. मकोंडे लोक मूळचे मोझांबिकच्या मुएडा पठारावरचे आणि टांझानियाच्या दक्षिणेचे, आईकडून कूळ चालवणारे, त्यामुळे त्यांच्या कोरीवकामात आई आधीपासून आहेच. त्या भागात न्दांडाला बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्याशांचं मिशन १९०६ पासून आहे. या मारियेकडे बघताना दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यात दिसत होत्या.

दुकानदाराने सांगितलेलं, सगळं अस्सल काळं म्पिंगो. आता कागदावर लाकडाचं नाव लिहायचं तर मला खात्री करावीच लागते, कारण म्पिंगो आपल्या शिसवीच्या कुळातलं, डाल्बर्जिया, आणि २०१७ पासून ते सगळं कूळ सायटीसच्या, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तयार वस्तूंना दहा किलोपर्यंत सूट आहे, पण लाकूड कुठलं ते खरं लिहायलाच हवं. म्हणून नेहमीसारखा कापसाला स्पिरिट लावून डोक्यावरच्या पदराच्या कडेला हलकेच फिरवला आणि कापूस काळाकुट्ट! बूट पॉलिश. वासच आला.

पोराचा चेहरा पडला. "ताई, फसवलं ना मला? आईला काय सांगू?"

मी म्हटलं थांब जरा. मूर्ती उलटी केली, तळाला कोपऱ्यात ब्लेडने केसभर खरवडलं, आत जांभळट काळा गाभा. वजनही बोलत होतंच, म्पिंगो पाण्यात बुडतं इतकं जड, हलक्या लाकडाला रंग फासला तर ते हातात लगेच कळतं. चेहऱ्यावर कापूस फिरवला तर पॉलिशचा पुसटसा थर निघाला आणि खाली काळंच लाकूड. मग पदराकडे परत आले, सावकाश, एकेक बोळा बदलत, आणि कपाळावरून खांद्यापर्यंत बोटभर रुंदीचा फिकट पिवळसर पांढरा काठ उघडा पडला. बाळाला बांधलेल्या कांग्यालाही तसाच.

म्पिंगोच्या गाभ्याबाहेर पांढऱ्या लाकडाचा पातळ थर असतो, पुष्कळ कारागीर तो तासून टाकतात. या फुंडीने, म्हणजे कारागिराने, ओंडका असा फिरवून धरला होता की तो थर नेमका कापडाच्या कडेवरच यावा. किती वेळ तो ओंडका हातात घेऊन बसला असेल! काळं संपून पांढरं सुरू होतं तिथे छिन्नीची एकच सरळ ओळ, कुठे घसरलेली नाही. आणि विकणाऱ्याने त्यावर पॉलिश फासलं, का तर गिऱ्हाईकाला सगळं काळंच हवं असतं. मला खरंच राग आला. ज्याने ते कोरलं त्याचं नावही तळाशी नव्हतं.

पांढऱ्या भागाला भुंगा पटकन लागतो म्हणून भिंगाने पूर्ण काठ तपासला, एक भोक नाही, पिठासारखा भुगा नाही. पेटीच्या लाकडावर कीड मारण्यासाठी ५६ डिग्री, ३० मिनिटं तापवल्याचा शिक्का होताच.

पोराने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, फोन अजून जवळ ने, त्या काठाजवळ. नंतर विचारलं, बाळाचे पाय कुठेत? पोराने मूर्ती वळवून कांग्यातून बाहेर आलेली दोन इवलीशी पावलं दाखवली.

फोम कापताना मी पदराच्या कडेला आणि त्या पावलांना मोकळी जागा ठेवली. कापसाचे सतरा बोळे झाले होते, सगळे काळे.