रुमाल टाकलेली घरं

आमच्याकडे पेपर एकच येतो, त्यात सुडोकू एकच असतं आणि सोडवणाऱ्या आम्ही दोघी, सासूबाई (मी त्यांना आई म्हणते) आणि मी. ऑफिसला जायचे तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढून न्यायचे. आता घरूनच काम, त्यामुळे ओढाओढ रोजचीच.

माझी पद्धत आधी भलतीच कष्टाची होती. प्रत्येक रिकाम्या घरात शक्य असतील ते सगळे आकडे बारीक अक्षरात लिहायचे. दहा मिनिटांत कोड्याला मुंग्या लागल्यासारख्या दिसायच्या. एकदा आई चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "अगं, घराला काय विचारतेस कोण येणार म्हणून? साताला विचार, बाबा रे, तू कुठे बसतोस?"

वरच्या तीन पेट्या होत्या, म्हणजे तीन बाय तीन घरांचे चौकोन. प्रत्येक पेटीत, आडव्या ओळीत आणि उभ्या ओळीत १ ते ९ एकेकदाच यायला हवेत. डावीकडच्या पेटीत सात पहिल्या ओळीत, मधल्या पेटीत दुसऱ्या ओळीत. म्हणजे उजवीकडच्या पेटीत त्याला तिसरीच ओळ उरली. तिथली दोन घरं आधीच भरलेली. बसला सात! सोपी कोडी बरीचशी एवढ्यावरच सुटतात. आता मी बारीक आकडा लिहिते तो पेटीत त्याला दोनच जागा उरल्या असतील तर.

जोडी मात्र मला कळली ती एसटीच्या भाषेत. एका उभ्या ओळीत दोन घरं अशी की दोन्हींत ३ किंवा ८ च येऊ शकेल. कोण कुठे, पत्ता नाही. मी अडून बसले. आई म्हणाल्या, "दोघांनी रुमाल टाकलेत ना? खिडकीशी कोण बसायचं ते त्यांचं ते बघतील. तिसऱ्याला तिथे जागा नाही, आणि या दोघांना त्या ओळीत दुसरीकडे नाही." खालच्या एका घरात ३ आणि ५ लिहिले होते. तिथला ३ खोडला, ५ पक्का.

अंदाजाने भरू नये हे मी स्वतःच्या कर्माने शिकले. एका रविवारी कंटाळून पेनने ४ ठोकून दिला. शेवटच्या ओळीत दोन नऊ! मागे कुठवर खोडायचं? आई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

एक युक्ती तेवढी मी त्यांना शिकवली. समजा दुसऱ्या आडव्या ओळीत सातला फक्त तिसरं आणि आठवं घर मोकळं आहे, आणि सहाव्या ओळीतही नेमकी तीच दोन. वरचा सात तिसऱ्यात बसला तर खालचा आठव्यात, नाहीतर उलट. कसंही झालं तरी त्या दोन उभ्या ओळींचे सात इथेच लागले, बाकी घरांतले खोडून टाका. याला एक्स-विंग म्हणतात. आईंना पटलंय, पण नाव आवडलेलं नाही.

आमचा वाद वेगळ्याच गोष्टीवर आहे. त्या आधी दिलेले आकडे मोजतात आणि कमी असले की "आज अवघड" जाहीर करतात. एकच उत्तर यायचं तर किमान १७ आकडे लागतात, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकावर तपासून सिद्ध केलं. पण १७ वालं सोपं असू शकतं आणि २६ वालं घाम फोडतं. हे त्यांना मुळीच मान्य नाही.

आज २४ आहेत. डावीकडची उभी ओळ सकाळपासून अडलीय. आतून घंटेचा आवाज येतोय; आरती संपायच्या आत नऊचं काहीतरी लावायला हवं, नाहीतर पेन्सिल गेलीच.