बाबांचा कॅमेरा, लायनक्स आणि स्पीकरची केबल

आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो बाबांनी हट्टाने त्यांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात काढले आणि कार्ड स्लॉटची स्प्रिंग गेलेली असल्यामुळे कार्ड काही बाहेर येईना, म्हणजे केबल लावूनच फोटो घ्यायचे. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लायनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम. केबल लावली, कॅमेरा ऑन केला, ढिम्म. तिकडे गिरगावातून आत्याचे फोन, "पाठवतोयस ना रे?" आणि दादा म्हणतो विंडोज उडवलंस ना, भोग आता.

मलाही तसंच वाटायला लागलेलं. ड्रायव्हर, म्हणजे कॅमेऱ्याशी बोलणारं सॉफ्टवेअर, शोधले, अपडेट मारले, रिस्टार्ट केला, सगळं फुकट. शेवटी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एलएसयूएसबी ही यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी देणारी कमांड मारली तर माऊस आहे, वेबकॅम आहे, कॅमेरा नाहीच. डीमेसेज, म्हणजे सिस्टीमच्या आतल्या नोंदी दाखवणारी कमांड, चालू ठेवून केबल चारदा काढली-घातली, एक नवी ओळ येईना. तेव्हा कुठे ट्यूब पेटली, अरे इथे काही लावलंय हेच लॅपटॉपला कळत नाहीये, ड्रायव्हरचा काय संबंध! केबल ब्लूटूथ स्पीकरसोबत आलेली. यूएसबी २ च्या केबलमध्ये चार तारा लागतात, दोन करंटच्या दोन डेटाच्या, आणि नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या दोन नसतातच.

शनिवारी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठला. "डेटावाली मिनी यूएसबी द्या" म्हटल्यावर दुकानदाराने खोक्यात हात घालून गुंताच बाहेर काढला, त्यातली एक जाडसर निवडून दिली.

घरी लावली, कॅमेरा लगेच यादीत. जीफोटो२ या कॅमेऱ्यातून फोटो उतरवायच्या प्रोग्रामने नावासकट ओळखला, पण फोटो मागितले तर एरर उणे ५३, यूएसबी डिव्हाइस क्लेम करता, म्हणजे ताब्यात घेता, येत नाही म्हणे. डोकंच फिरलं. भानगड अशी की कॅमेरा लावला रे लावला की जीव्हीएफएस हा डेस्कटॉपचा मागे चालणारा प्रोग्राम त्याला आधीच धरून बसतो, मग दुसऱ्या प्रोग्रामला तो मिळत नाही. फाइल मॅनेजरमध्ये जाऊन अनमाउंट केलं, म्हणजे त्याच्या तावडीतून सोडवला, परत कमांड मारली आणि फाइलींची नावं सरसर उतरायला लागली. (तिथेच कॅमेऱ्याच्या आयकॉनवर क्लिक करून सरळ कॉपी करता आले असते, पण टर्मिनल फुल स्क्रीन करून बसलेलो ना मी.) मध्येच बॅटरी गेली ती चार्ज करण्यात आणखी दोन तास.

रात्री साडेअकराला सगळे आत्याला पाठवले. दोन मिनिटांत उत्तर, "आईचे डोळे उघडे असलेला एकही नाही का रे?"