तुम्ही विचारलंत म्हणून: समीकरणं म्हणजेच जग का?

इंदूरला भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते म्हटलं की आमच्या रामबागेतली मराठी मंडळी हमखास विचारतात, ताई, ही समीकरणं खरंच जगात असतात की नुसती आकडेमोडीची सोय? उभ्याउभ्या बोलताना नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

आपल्या कॅटमधलंच, म्हणजे इंदूरच्या RRCAT या संशोधन केंद्रातलंच बघा ना. तिथे इंडस-2 ची रिंग आहे, 172 मीटर घेराची, तिच्यात इलेक्ट्रॉन 2.5 गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात. आता कायनेटिक एनर्जीचं शाळेतलं न्यूटनवालं सूत्र एवढ्या ऊर्जेला लावलं तर वेग येतो प्रकाशाच्या जवळजवळ 99 पट! प्रत्यक्षात ते प्रकाशापेक्षा किंचित कमीच वेगाने पळतात, आइन्स्टाइनच्या 1905 च्या रिलेटिव्हिटीप्रमाणे, आणि अख्खं मशीन त्याच हिशोबावर बांधलंय. मग न्यूटन खोटा का? तसंही नाही, कारण राजवाड्याहून निघालेल्या सिटी बसचा वेग आइन्स्टाइनच्या सूत्रात घाला, उत्तर न्यूटनचंच येतं, फरक इतका बारीक की विचारू नका. सगळीकडे घड्याळ एकसारखंच चालतं ही न्यूटनची कल्पना गेली, पण वेग आणि ऊर्जा यांचं नातं त्याच्या हद्दीत तसंच राहिलं. मला विचाराल तर मॉडेलमध्ये खरं असतं ते हे नातं, त्यासोबत आपण रंगवलेलं चित्र नाही.

फ्रेंच इंजिनिअर कार्नोने तर 1824 मध्ये उष्णता म्हणजे एक कधीच न संपणारा द्रव असं धरलं होतं, असा द्रव नसतोच मुळी, तरी इंजिनाची जास्तीत जास्त कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर ठरते हे त्याने बरोबर काढलं, आम्ही आजही शिकवतो.

पण म्हणून "नुसती सोय" म्हणू नका, ते मला अजिबात पटत नाही. शास्त्रज्ञ डिरॅकच्या 1928 च्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा उलट चार्जवाला जोडीदार निघाला, कुणी न पाहिलेला, आणि 1932 ला अँडरसनला अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांत तोच जोडीदार, पॉझिट्रॉन, सापडला, तोही डिरॅकचं भाकीत तपासायला बसलेला नसताना!

अणूच्या आतल्या जगाचं, क्वांटमचं मात्र अवघड आहे. हायझेनबर्गने 1925 ला आकड्यांचे तक्ते वापरले, ज्यांना मॅट्रिक्स म्हणतात, त्यात लाटेचं नाव नाही, श्रोडिंगरने 1926 ला लाट मांडली, आणि हायड्रोजन अणूच्या ऊर्जेचे आकडे दोन्हीकडून सारखेच. म्हणून वर्गात मी "इलेक्ट्रॉन म्हणजे लाट" असं सांगत नाही, लाट मांडली की हे आकडे येतात, एवढंच सांगते.