तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या कन्सोलचे ग्राफिक्स किती मनावर घ्यायचे?

घोडबंदर रोड असो की खारघर, नवा गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घ्यायला निघालेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: ‘ज्याचे ग्राफिक्स सगळ्यात भारी, तोच घ्यावा ना?’ त्यावर माझा उलट प्रश्न असतो. टीव्ही किती इंची, आणि सोफा किती फुटांवर? ग्राफिक्सला महत्त्व आहेच. पण कन्सोल जे चित्र तयार करतो त्यातलं तुमच्या डोळ्यांपर्यंत किती पोचतं हे तुमचा हॉल ठरवतो, म्हणून हिशेब तिथूनच सुरू करायला हवा.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हॉलची रुंदी बहुतेक वेळा दहा फुटांच्या आसपास. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला सोफा. सोफ्याची पाठ वजा केली की डोळे आणि पडदा यांच्यात आठेक फूट उरतात. ६/६ नजरेच्या माणसाला १०८०पी (फुल एचडी) आणि त्याहून बारीक ४के चित्र यांतला बारकावा कुठपर्यंत कळतो ते काढायचं असेल, तर टीव्हीच्या इंचांना ०.१३ ने गुणा. उत्तर फुटांत येतं. ४३ इंचाला साधारण साडेपाच फूट, ५५ ला सात, ६५ ला साडेआठ. सोफा त्याहून लांब असेल तर ४केचे ८३ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) आणि १०८०पीचे २१ लाख यांतला फरक नजरेला पकडणं अवघड जातं. आठ फुटांवरून ४३ इंची टीव्हीवर खेळणाऱ्याने केवळ ४केसाठी जादा पैसे मोजावेत, हे मला पटत नाही.

याला एक पुरवणी आहे. विजेच्या तारा, गवत, जाळीचं कुंपण अशा बारीक गोष्टी कमी रिझोल्यूशनमध्ये, म्हणजे कमी पिक्सेलच्या चित्रात, कॅमेरा हलला की लुकलुकतात, आणि ती लुकलुक लांबूनही जाणवते. तिथे जास्त पिक्सेल कामी येतात. तरी बहुतेक मोठे गेम पूर्ण ४केमध्ये चित्र काढतच नाहीत. कमी पिक्सेलमध्ये काढून ते वाढवून दाखवतात. सोनीच्या पीएस ५ (प्लेस्टेशन ५) कन्सोलच्या सुरुवातीच्या खोक्यावर तर ‘८के’ छापलेलं होतं, २०२४ मध्ये ते गेलं.

आता खरा मुद्दा, फ्रेम रेट: कन्सोल सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दाखवतो ते, म्हणजेच एफपीएस. ३० एफपीएसला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ६० ला १६.७ आणि १२० ला ८.३. बटण दाबल्यापासून खेळाडू हलेपर्यंतचा वेळ यावर अवलंबून असतो, शिवाय कॅमेरा फिरवताना चित्र पुसट होतं की स्पष्ट राहतं तेही. फुटबॉल, रेसिंग, शूटिंग, मारामारीचे गेम यांना ६० हवेतच. गोष्ट सांगणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या गेमला ३० चालून जातात. म्हणून बऱ्याच गेममध्ये ‘क्वालिटी’ आणि ‘परफॉर्मन्स’ असे दोन मोड देतात. पीएस ५ मध्ये ‘सेव्ह्ड डेटा अँड गेम/ॲप सेटिंग्ज’ आणि त्यात ‘गेम प्रीसेट्स’ इथे एकदा ‘परफॉर्मन्स मोड’ निवडला की जे गेम ही निवड मानतात ते आपोआप तसे सुरू होतात. नवीन माणसाला मी हे पहिल्याच दिवशी करायला सांगतो.

टीव्ही १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, असेल तर काही गेममध्ये ४० एफपीएसचा मधला मार्गही मिळतो; ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’मध्ये तो २०२१ मध्ये आला. ४० ला एक फ्रेम २५ मिलिसेकंद, म्हणजे वेळेच्या हिशेबात ३० आणि ६० च्या बरोब्बर मध्ये. साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर मात्र ४० फ्रेम समान वाटल्या जात नाहीत आणि चित्र धक्के खातं. रेट वर-खाली होत असेल तर व्हीआरआर (टीव्हीने आपला वेग कन्सोलच्या फ्रेमशी जुळवून घेणं) उपयोगी पडतं, पण पीएस ५ वर ते ४८ हर्ट्झच्या वरच काम करतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते टीव्हीच्या सेटिंगमध्ये, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मॉलच्या शोरूममध्ये टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर, लखलखीत दिव्यांखाली, दोन फुटांवरून बघितलेला असतो. घरी तोच मोड ठेवला की टीव्ही प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करत बसतो आणि बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते. काही टीव्हींवर हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. ‘गेम मोड’ लावला की तो बराच खाली येतो. इतका फरक कन्सोल बदलूनही पडत नाही.

दुसरी गोष्ट, पोर्ट. टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय पोर्टांची क्षमता सारखी नसते. कुठल्या पोर्टवर ४के १२० लिहिलंय ते बघून तिथेच कन्सोल लावा. मग टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचा सिग्नल वाढवावा लागतो: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’. हे बंद राहिलं तर कन्सोल एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला असलेलं चित्र) दाखवतच नाही आणि दोष कन्सोलला दिला जातो.

तिसरी गोष्ट नव्या घरांत हमखास सापडते. इंटीरियरवाल्याने पॅनेलमागून नेलेली कन्सील्ड एचडीएमआय केबल जुनी किंवा फार लांब असते; ४के ६० एचडीआर लावलं की पडदा मध्येच काळा होतो. आधी खोक्यातली केबल थेट लावून बघा. त्याने ठीक झालं तर भिंतीतली केबल बदलायची. ते शक्य नसेल तर पीएस ५ च्या व्हिडिओ आउटपुटमध्ये ‘४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट’ हा ‘-१’ किंवा ‘-२’ करा. रंगांचा बारकावा थोडा घटतो, चित्र टिकतं.

एचडीआरबद्दल माझं मत कडक आहे. स्वस्त ४के टीव्ही एचडीआर सिग्नल घेतात, पण तेवढा प्रकाश पडद्यात नसतो. चित्र राखाडी आणि मिणमिणतं दिसतं. कन्सोलमधलं ‘ॲडजस्ट एचडीआर’ नीट करून बघा, तरीही अंधारे प्रसंग दिसत नसतील तर एचडीआर सरळ बंद करा. उलट चांगल्या पडद्यावर एचडीआरने जो फरक पडतो तो रिझोल्यूशनपेक्षा कितीतरी ठळक असतो. म्हणून बजेट एकच असेल तर मी आधी टीव्हीवर खर्च करायला सांगतो.

टेराफ्लॉप्सचं, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या गणिती ताकदीच्या आकड्याचं काय? मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १२, पीएस ५ १०.२८, आणि एकच गेम दोन्हींवर शेजारी लावला तर कोणता कुठला हे बहुतेकांना सांगता येणार नाही. एक्सबॉक्सचाच धाकटा भाऊ सिरीज एस मात्र ४ टेराफ्लॉप्स आणि १० जीबी मेमरीचा. मोठ्या पडद्यावर त्याचं चित्र मऊ पडतं, रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश आणि प्रतिबिंबं) पुष्कळदा गळतं. ४३ इंची १०८०पी टीव्हीवर तो पुरतो, पण त्यात डिस्क ड्राइव्ह नाही. जुन्या डिस्क घेऊन, खेळून, विकून खर्च भागवणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि गर्दीचं शहर किंवा शेकडो पात्रं चालवणारा गेम अडखळतो तो पुष्कळदा प्रोसेसरमुळे. तिथे रिझोल्यूशन कमी करूनही वेग वाढत नाही. पीएस ५ प्रोचं ग्राफिक्स १६.७ टेराफ्लॉप्सचं, प्रोसेसर मात्र जवळपास तोच. निन्टेंडो स्विच ७२०पी पडद्यावर १५ कोटींहून जास्त खपला, कारण लोकांना हवे ते गेम त्यावर होते. आधी गेमची यादी करा, मग कन्सोल निवडा.

ग्राफिक्सची किंमत साठवणुकीतही मोजावी लागते. मोठा गेम १०० जीबीच्या पुढे जातो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर तो उतरायला सगळं सुरळीत असताना सव्वादोन तास. पहिल्या पीएस ५ मध्ये ८२५ जीबीपैकी ६६७ वापरायला मिळतात, म्हणजे असे पाच-सहा गेम. यूएसबी हार्ड डिस्क लावून काम भागेल असं वाटतं, पण पीएस ५ चे गेम त्यावर फक्त ठेवता येतात, खेळता येत नाहीत. लागतो तो एम.२ एसएसडी, म्हणजे कन्सोलच्या आत बसणारं साठवणुकीचं छोटं कार्ड: चौथ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीचा, वेग किमान ५,५०० एमबी प्रति सेकंद, हीटसिंक (उष्णता काढून घेणारी धातूची पट्टी) बसवलेला, आणि हीटसिंकसकट जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. जाड हीटसिंकचा घेतला तर आतलं झाकण लागत नाही. बसवताना रेस्ट मोड (कन्सोलची अर्धवट झोप) चालत नाही. कन्सोल पूर्ण बंद करून प्लग काढायचा, आणि २२८० मापाच्या (८० मिलिमीटर लांब) कार्डासाठी स्क्रूखालचा छोटा स्पेसर त्या लांबीच्या खाचेत सरकवून मगच स्क्रू लावायचा.