कवड्या धीवर, हरिपूरचा काठ : नोव्हेंबर ते मार्च

यंदा पक्षी सप्ताहापासून (५ ते १२ नोव्हेंबर) चित्रणासाठी एकच पक्षी धरलाय, कवड्या धीवर, म्हणजे खंड्याच्या कुळातला काळा-पांढरा पक्षी. जागा सांगलीजवळचं हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम. पूर्वी माझा सगळा जोर जवळून फोटो घेण्यावर असायचा. आता हवेत एका जागी फडफडण्यापासून पाण्यात सूर मारेपर्यंतचा अख्खा प्रसंग एका सलग क्लिपमध्ये हवा, हे ठरवलं आणि कामाची पद्धतच बदलली.

सगळ्यात मोठी किल्ली दिली ती संगमावर जाळं टाकणाऱ्या एका मामांनी. "लगेच न्हाय मारत त्यो. जरा खाली सरकतोय, परत थांबतोय, मग घालतोय बगा." घरी क्लिपा संथ करून पाहिल्या तर अगदी तसंच. बऱ्याचदा धीवर वरून हेरतो, थोडा खाली येतो, तिथं पुन्हा पंख मारत थांबतो आणि मग चोच खाली करून कोसळतो. तो मधला थांबा दिसला की हात तयार ठेवायचा. तेव्हापासून पक्षी फ्रेमच्या वरच्या भागात ठेवतो, खाली भरपूर जागा सोडतो. ट्रायपॉडच्या हेडचा आडवा ताण घट्ट करतो, उभा सैल.

दुसरी गोष्ट डोक्याची. पंख जोरात चालू असतात, शेपटी सारखी हलते, अंग वर-खाली होतं. पण डोकं जागचं हलत नाही. सेकंदाला १०० फ्रेम घेऊन २५ ने चालवलं की हे इतकं स्पष्ट दिसतं की पुन्हा पुन्हा बघत राहावंसं वाटतं. म्हणून मी शटर १/२०० सेकंदावरच ठेवतो. पंख पुसट येतात, डोळा मात्र धारदार येतो, आणि मला तेच चित्र खरं वाटतं. ऊन चढलं की एनडी फिल्टर (लेन्सवरची, उजेड कमी करणारी काच) लावावाच लागतो. काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचं पोट लगेच फटफटीत होतं, त्यामुळे एक्स्पोजर थोडं खालीच बरं. काळ्या पिसांतला तपशील नंतर वर काढता येतो.

उभं कुठं राहायचं? फडफडताना धीवर वाऱ्याकडे तोंड करतो. वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी असतील तर तोंड आपल्याकडे येतं आणि छातीवरचे पट्टे मोजता येतात : नराला दोन, मादीला एकच, तोही मधे तुटलेला. घाटाच्या पायऱ्यांवरून मागं चमकतं पाणी येतं आणि ऑटोफोकस तिकडं धावतो. खाली पाण्यालगत बसलं की मागं पलीकडची झाडी येते, फोकस टिकतो.

मार्चमध्ये ऊन तापलं की लांबच्या लेन्समधून पाण्यावरच्या झळा दिसायला लागतात आणि कितीही महागडी लेन्स असली तरी चित्र थरथरतं. सकाळ लवकर गाठावी, दुसरा उपाय नाही. आवाजाचं काम अजून कच्चं आहे. ऊस हंगामात ट्रॅक्टर आणि भोंगे, त्यात धीवराची किलबिल दबते. वेगळा रेकॉर्डर काठाजवळ ठेवून बघणार आहे.

मधे जानेवारीत येरळवाडीच्या तलावावर जाऊन आलो. पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे, डोक्यावर पट्टे असलेले हंस) पाहिले, छान वाटलं, पण मन नदीवरच होतं.

एक काळजी. धीवर मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, उभ्या दरडीत बीळ कोरून घरटं करतो. वीटभट्ट्यांसाठी हीच माती खणून नेली की त्याची जागाच जाते. घरट्याची जागा मी कुणाला सांगत नाही, तिथं कॅमेराही लावत नाही. पक्षी चोचीत मासा घेऊन घुटमळायला लागला की आपण फार जवळ आलोय असं समजून मागं सरकतो.

एप्रिलमध्ये पाहायचंय ते गिळण्याचं. लहान मासा तो उडता उडताच गिळतो, मोठा असला तर बसायच्या जागी नेऊन आपटतो. उडत गिळतानाची स्वच्छ क्लिप अजून हाती लागलेली नाही. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात कुणी चित्रण करत असेल तर तिथंही सूर मारण्याआधीचा तो मधला थांबा दिसतो का, तेवढं जरूर कळवा.