आधी माल, मग नकाशा : आमची वाटचाल

सुरुवातीला आम्ही पाडकामाचा माल नुसता विकायचो. दारं, खिडक्या, वासे, पत्रे. वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड लोक जळणाच्या भावात मागायचे, तेव्हा जीव तुटायचा. अशा वाळलेल्या लाकडाला कोरडं ठेवलं तर ते नव्या फळीसारखं आकसत-पिळत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "परसात शेडही तुम्हीच उभी करून द्याल का?" आम्ही हो म्हणालो आणि धंद्याला वळण लागलं.

ती पहिली शेड गळली. जुन्या पत्र्यांची भोकं पन्हळीच्या खोलगट भागात आली होती, आम्ही ती डांबराने बुजवली. पहिल्याच पावसात आतल्या अवजारांवर पाण्याची धार लागली. पदरचे पैसे घालून सगळं छप्पर बदलून दिलं. पाणी खोलगट भागातूनच वाहतं, म्हणून भोक उंचवट्यावरच पाडायचं आणि रबरी वॉशर घालायचा. उतरवलेले पत्रे फुकट गेले नाहीत, त्याच शेडीच्या भिंतीला लावले.

तेव्हा आम्ही आधी नकाशा काढून मग त्या मापाचा माल शोधायचो. त्यात चांगले वासे कापून वाया जायचे. आता सगळा माल जमिनीवर मांडतो. रुंदी वाशांच्या लांबीवरून ठरते, चौकट खिडकीच्या मापाने. चौकट जोडली की दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तरच पुढे जायचं. खांब मातीत पुरत नाही, जोत्यावर उभे करतो, नाहीतर बुडाशी कुजतात.

खरा वेळ जातो खिळे काढण्यात. टोकाकडून ठोकून डोकं वर आणायचं, मग पकडीने ओढायचं. तरी एखादा तुटून आत राहतोच आणि रंध्याचं पातं जातं, म्हणून प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवतो. लाकडाला टोच्या लावून बघतो. सहज आत शिरला तर ती फळी बाद.

अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे मात्र फुकट मिळाले तरी घेत नाही. कापताना उडणारे तंतू फुप्फुसात जातात, आणि कापणारी आमचीच माणसं असतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासत नाही.

सध्याच्या कामात सहा खिडक्या आहेत, एकीचं माप दुसरीला नाही. दोन दिवस त्या भिंतीला टेकवून नुसत्या हलवत होतो. शेवटी सगळ्यांच्या वरच्या कडा एका दोरीत घेतल्या आणि खालच्या जशा येतील तशा सोडल्या. आता भिंत बघताना नजर अडत नाही.